खाडाखोडीचे मार्क

(ओझर येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा भाग इथे लिहिताना भरला आहे.)

दहावी ‘अ’ आणि दहावी ‘ब’, तीस वर्षं झाली, पण तुम्ही अजून आपापल्या तुकडीप्रमाणेच बसला आहात, हे मला इथून स्पष्ट दिसतंय.

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सरळ वाटणी करून टाकली होती. “द्राक्षवाला द्राक्षांवर बोलेल, डॉक्टर शुगरवर बोलतील, तू कॉम्प्युटरवर बोल.” आमच्या आईला कुणी विचारलं की लेक काय करते, तर ती सांगते, “कॉम्प्युटरमध्ये असते.” जणू मी त्या डब्यात बसूनच असते! नातेवाइकांचा प्रिंटर अडला की पहिला फोन मला येतो. मी प्रिंटर कधीच दुरुस्त केलेला नाही, हे वीस-बावीस वर्षांत कुणाला पटवू शकलेले नाही.

म्हणून आज मी कॉम्प्युटरवर मोघम बोलणार नाही. मी केलेलं एकच काम सांगणार आहे. त्या कामात मी नवीन काही बनवलं नाही, फक्त पुसलं.

गणिताचे सर समोर बसले आहेत, त्यामुळे हे बोलायला जरा धीर करावा लागतोय. वहीत खाडाखोड दिसली की सर दोन मार्क कापायचे. उत्तर बरोबर असलं तरी कापायचे. माझे असे किती मार्क गेले त्याचा हिशेब नाही. आणि सर, आज माझ्या आयुष्यातल्या ज्या कामाचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे, ते तीनशेहून अधिक ओळींच्या खाडाखोडीचं आहे.

आधी ते कुठलं काम ते सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे. त्याच्या तळाशी लिनक्स नावाची प्रणाली चालते आणि तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ती लिहायला घेतली. तिचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा सुचवावी. जगभरातले हजारो लोक ती सुचवतात. त्यातलीच मी एक.

कर्नल म्हणजे काय? आपल्या सोसायटीचं खताचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. शेतकरी खिडकीवर येतो, पावती दाखवतो, गोदामपाल पावती तपासतो आणि मग आतून पोतं येतं. शेतकऱ्याने स्वतः आत शिरायचं नाही. फोनवरचं प्रत्येक ॲप हे खिडकीवरचं गिऱ्हाईक आहे आणि कर्नल हा गोदामपाल. फाइल हवी, कॅमेरा हवा, वायफाय हवं, की खिडकीवर या, पावती दाखवा. गोदामपालाच्या हाताखाली एकेका यंत्राची माहिती असलेली माणसं असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. वायफायच्या चिपशी बोलणारा तो वायफाय ड्रायव्हर. ड्रायव्हर गोदामाच्या आत काम करतो, म्हणून त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असतात. ॲप चुकलं तर ते एकटं बंद पडतं. ड्रायव्हर चुकला तर अख्खं यंत्र बंद पडू शकतं.

मी ज्या वायफाय ड्रायव्हरवर काम करत होते, त्यात एक विचित्र सोय होती. तो ड्रायव्हर परस्पर, कुणाला न विचारता, डिस्कवरची एक मजकुराची फाइल उघडायचा, ती ओळीओळीने वाचायचा आणि त्यातले आकडे चिपमध्ये भरायचा. म्हणजे तसं करणारा कोड तिथे होता. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षांत एकदाही चालला नव्हता. चालू करायचा पर्यायच कुठे शिल्लक नव्हता. अशा कोडला आमच्या धंद्यात मेलेला कोड म्हणतात.

तो आला कुठून? आपली खोडदची सहल आठवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आपण शाळेत होतो तेव्हा त्या उभ्या राहत होत्या. तिथल्या माणसाने आपल्याला सांगितलं होतं की तबकडी उभी करणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं काम जुळवणीचं. रेडिओचं सगळं असंच असतं. वायफायची चिप नखाएवढी असली तरी तोही रेडिओच आहे. कुठल्या चॅनेलवर किती शक्तीने बोलायचं, याचे तक्ते तिला लागतात. देशादेशाचे नियम वेगळे, म्हणून तक्तेही वेगळे. हे आकडे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा मोजून ठरवावे लागतात. दर वेळी ड्रायव्हर नव्याने बांधण्यापेक्षा, आकडे एका साध्या फाइलमध्ये लिहायचे आणि ड्रायव्हरने ती वाचायची, ही तिथल्या इंजिनिअरांनी स्वतःसाठी केलेली सोय. प्रयोगशाळेत ती चुकीची नव्हती. पुढे आकडे पक्के झाले, चिप विकायला गेली, ड्रायव्हर जगभर पसरला आणि ती सोय कुणी काढलीच नाही.

हे एका ड्रायव्हरचं दुखणं नाही. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत आरटीएल ८७२३ बीएस नावाचा वायफाय ड्रायव्हर आला. स्वस्त टॅब्लेट आणि छोट्या संगणकांत ती चिप असते. तो थेट मुख्य जागी न येता ‘स्टेजिंग’ नावाच्या विभागात आला. सुधारणेची गरज असलेला कोड आधी तिथे ठेवतात. त्यातही अशी फाइल वाचणारी फंक्शनं होती आणि ती पुढे काढून टाकली गेली.

आता तुम्ही म्हणाल, चालतच नव्हता ना तो कोड? मग पडला होता तर पडू द्यायचा! कुणाचं काय जात होतं?

मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. याचं उत्तर मला आमच्या मळ्यातल्या विहिरीने दिलं.

आमचा मळा कुकडीच्या बाजूला आहे. पणजोबांच्या काळातली विहीर होती. मोटेची धाव, दगडी थारोळं, सगळं होतं. पुढे येडगावचं धरण झालं, नदीवरून पाइपलाइन आली आणि विहिरीचं काम संपलं. मी लहान असतानाच तिचा कठडा ढासळला होता, भोवती घाणेरी माजली होती. विहीर मेली, असं आम्ही म्हणायचो. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

२००१ ते २००३ च्या सुमारास आपल्या तालुक्यात बिबट्यांचा प्रश्न किती पेटला होता, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच काळात एका रात्री कुत्र्याच्या मागे धावलेला बिबट्या आमच्या त्या मेलेल्या विहिरीत पडला. सकाळी अख्खा ओझर मळ्यात. वनखात्याची माणसं आली, दोरखंडाने पिंजरा सोडला, दुपारपर्यंत तो बाहेर निघाला. संध्याकाळी सगळे पांगल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीच्या काठावर उभे होते. मला म्हणाले, “बिबट्या पडला म्हणून गाव जमा झालं. याच पायवाटेने शाळेतली पोरं रोज जातात.”

त्या दिवशी मला कळलं की वापरात नसलेली वस्तू निरुपद्रवी असते असं नाही. वापर थांबतो, खड्डा तसाच राहतो.

आमच्या ड्रायव्हरमधला खड्डा कुठला होता, ते सांगते. जरा लक्ष द्या, दोनच मिनिटं अवघड आहे. ॲप जेव्हा कर्नलला म्हणतं की अमुक पत्त्यावर ही माहिती नेऊन ठेव, तेव्हा कर्नल आधी बघतो की तो पत्ता त्या ॲपच्याच हद्दीतला आहे का. ही तपासणी नसेल तर एखादं लबाड ॲप कर्नलच्या स्वतःच्या घरातला पत्ता देईल आणि तिथे हवं ते लिहून घेईल. पण कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरला फाइल वाचायची असेल तर? त्याचा पत्ता तर आतलाच असणार. मग तपासणी त्याला अडवणार. यावर जुन्या लोकांनी पळवाट ठेवली होती. सेट-एफएस नावाचं एक फंक्शन. ते बोलावलं की तपासणी तात्पुरती थांबते. काम करा, मग तपासणी पुन्हा चालू करा. गोदामपालाने पहारेकऱ्याला सांगावं, “थोडा वेळ कुणाला अडवू नकोस,” तसं. आणि मधेच काही गडबड होऊन “आता अडव” हे सांगायचंच राहिलं तर? दार उघडंच.

हे नुसतं भीतीचं चित्र नाही. २०१० मध्ये नेमकं असं सापडलं. तपासणी थांबलेली असताना एखादा प्रोग्रॅम कोसळला, तर त्याची आवराआवर करतानाही तपासणी थांबलेलीच राहायची. त्याचा फायदा घेऊन साध्या वापरकर्त्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. ड्रायव्हरने फाइल वाचू नये, हे तर लिनक्समधले ज्येष्ठ ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००५ मध्येच ‘लिनक्स जर्नल’ मासिकात लेख लिहून सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फाइल कुठे आहे, तिच्यात काय आहे, हे बाहेरच्या प्रोग्रॅमने बघावं आणि तयार माहिती खिडकीतून आत द्यावी. चिपला खरोखर फाइल लागत असेल, तर त्यासाठी फर्मवेअर मागवण्याची ठरलेली रीत आहे, ठरलेला फोल्डर आहे.

सेट-एफएस लिनक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून होतं. ते काढायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ते कोण कोण वापरतंय? शोधलं तर शेकडो जागा. आणि शोधणाऱ्याला जिवंत कोड आणि मेलेला कोड सारखाच दिसतो. प्रत्येक जागा उघडून वाचावी लागते, प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. आमच्या ड्रायव्हरसारखे वापरात नसलेले कोपरे त्या मोठ्या कामाच्या वाटेत दगडासारखे पडले होते. क्रिस्टॉफ हेलविग आणि इतर अनेकांनी चिकाटीने ते काम नेलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.१० आवृत्तीत नेहमीच्या संगणकांसाठी सेट-एफएस गेलं आणि २०२२ च्या मे महिन्यातल्या ५.१८ मध्ये उरलंसुरलंही गेलं. एक फंक्शन पुसायला तीस वर्षं लागली म्हणा ना.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की बाई शहाणी आहे, तिने धोका ओळखला आणि घाण साफ केली. तसं नाही. मी आधी एक माती खाल्लेली आहे. आज खरं तर तीच सांगायला उभी आहे.

हे लिनक्सच्या कामाच्या बऱ्याच आधीचं. मी एका कंपनीत होते, नाव सोडून देते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी छोटी यंत्रं बनवायचो. वजनकाट्याची आणि फॅटची नोंद वायफायवरून केंद्रातल्या कॉम्प्युटरला जायची. त्या यंत्रातल्या वायफाय ड्रायव्हरमध्येही असाच फाइल वाचणारा कोड होता. एक फंक्शन फाइलमधून यंत्राचा मॅक पत्ता वाचायचं. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक वायफाय यंत्राचा स्वतःचा क्रमांक, आपल्या हजेरीपटावरच्या नंबरासारखा. एका वर्गात दोघांना एकच नंबर चालत नाही.

मी कोडमध्ये शोध घेतला. ते फंक्शन चालू करणारा पर्याय बंद होता. कुठेही चालू केलेला दिसला नाही. मेलेला कोड, मी म्हटलं, आणि दुपारच्या चहाच्या आत पुसून टाकला. मला माझंच कौतुक वाटलं होतं. चाचणीत सगळं पास झालं. नवीन आवृत्ती केंद्रांवर गेली.

आठवड्याभराने तक्रारी यायला लागल्या. काही केंद्रांवर नोंदी मधेच तुटत होत्या. काहींवर सगळं ठीक होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मी स्वतः गेले. सकाळचे सहा. किटल्या घेऊन बायामाणसांची रांग. गाईच्या दुधाचं एक यंत्र, म्हशीच्या दुधाचं दुसरं. एक चालू झालं की दुसरं तुटायचं, दुसरं जोडलं की पहिलं तुटायचं. केंद्राचा पोरगा घामाघूम होऊन वहीत हाताने लिहीत होता. फॅटची नोंद आली नाही की तो मागच्या आठवड्याची सरासरी लावत होता. एक मावशी त्याला म्हणत होत्या, “अरे, म्हस नवीन हाय माझी. मागच्या आठवड्यात दूध घातलंच न्हाई मी. सरासरी कुणाची लावतोस?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी त्या रांगेच्या शेजारी गप्प उभी होते.

झालं असं होतं. मॅक पत्ता चिपमध्ये कायमचा कोरायचा असतो. कारखान्यात वेळ वाचवायला काही यंत्रांत तो कोरलाच नव्हता. त्याऐवजी फाइलमध्ये लिहिला होता आणि कारखान्याच्या स्वतंत्र कोडमध्ये तो ‘बंद’ पर्याय चालू केलेला होता. मी शोध घेतला तो फक्त माझ्या टेबलावरच्या कोडमध्ये. मी फाइल वाचणं पुसलं, तेव्हा त्या सगळ्या यंत्रांनी ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलेला ठरावीक पत्ता उचलला. सगळ्यांचा हजेरीनंबर एकच. एक यंत्र असलेल्या केंद्रावर काही बिघडलं नाही. दोन असलेल्या केंद्रांवर ती एकमेकांना बाहेर ढकलू लागली. आणि आमच्या चाचणीच्या टेबलावर यंत्र एकच होतं.

पुसलेला कोड एका दिवसात परत घातला. कारखान्यात पत्ते नीट कोरायला पुढे काही महिने गेले. माझ्यावर कुणी फार ओरडलं नाही. पण त्या मावशींचे त्या आठवड्याचे पैसे कुठल्या हिशेबात गेले, ते मला कधीच कळलं नाही.

घरी अण्णांना फोनवर हे सांगितलं. ते कॉम्प्युटरबद्दल काही विचारत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पुसायच्या आधी कुणाला विचारलं होतंस का?”

मग मला विहिरीची राहिलेली अर्धी गोष्ट आठवली. बिबट्या बाहेर निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी विहीर बुजवली नव्हती. आधी भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, म्हणजे पडण्याचा धोका टळला. मग शेजारच्या सगळ्या मळ्यांत फिरून विचारून आले. तेव्हा कळलं की पलीकडच्या म्हाताऱ्या आत्या मे महिन्यात, पाइपलाइनला पाणी नसलं की, याच विहिरीतून चार कळशा न्यायच्या. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं. अण्णांनी त्यांच्यासाठी पाइपलाइनची एक तोटी काढून दिली. एक उन्हाळा जाऊ दिला. आणि त्या उन्हाळ्यात कुणी कळशी घेऊन आलं नाही, तेव्हा मुरूम टाकून विहीर बुजवली. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्या डोक्यात फक्त “धोकादायक वस्तू बुजवावी” एवढाच अर्धा धडा राहिला होता.

म्हणून काही वर्षांनी लिनक्समधला ड्रायव्हर समोर आला, तेव्हा मी चहाच्या आधी पुसायला बसले नाही. जवळजवळ दोन महिने मी एकही ओळ पुसली नाही.

आधी प्रत्येक फंक्शनचं नाव पूर्ण कर्नलमध्ये शोधलं, फक्त त्या फोल्डरमध्ये नाही. काही वेळा नाव तुकडे जोडून तयार होतं आणि शोधात सापडत नाही, म्हणून तसे तुकडेही शोधले. कोड चालू करणारा पर्याय कुठल्याही यादीत नोंदलेला आहे का, ते पाहिलं. नव्हता, म्हणजे सरळ मार्गाने तो कुणालाच चालू करता येणार नव्हता. मग इतिहास वाचला. गिट नावाची व्यवस्था प्रत्येक बदल, बदलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण जपून ठेवते. तीही लिनस टॉरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिहिली. कोड का आला होता, हे त्यात शोधलं.

शेवटी एक पुरावा असा मिळवला की सर, तुम्हालाही आवडेल. पुसण्याआधी ड्रायव्हर यंत्रभाषेत बांधला. पुसल्यावर पुन्हा बांधला. दोन्ही फाइली ताडून पाहिल्या. एका बाइटचाही फरक नाही. ज्या ओळी गेल्याने बांधलेल्या वस्तूत काहीच बदलत नाही, त्या खरोखर मेलेल्या होत्या. ताळा जुळला.

पण एका ठिकाणी तो जुळला नाही. एक तुकडा पर्यायामागे नव्हता. ड्रायव्हर सुरू करताना एक शब्द दिला तर तो अजूनही चालू शकत होता. म्हणजे तो मेलेला नव्हता, झोपलेला होता. लिनक्समध्ये एक कडक नियम आहे. आतला कोड हवा तसा बदला, पण वापरणाऱ्याचं चालतं काम मोडू नका. म्हणून तो तुकडा मी लगेच काढला नाही. तो शब्द कुणी दिला तर “ही सोय लवकरच बंद होणार आहे, वापरत असाल तर कळवा” असा इशारा छापायची एक ओळ घातली. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. दोन आवृत्त्या जाऊ दिल्या. कुणाचं पत्र आलं नाही. मग पुसला.

बदल एकदम पाठवला नाही, पाच तुकड्यांत पाठवला. एका तुकड्यात एकच काम, आणि प्रत्येकावर हे का काढतो आहोत याचे दोन परिच्छेद. तपासणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच पत्रात विचारलं, “हे कुणी वापरत नाही, हे तुम्हाला कशावरून माहीत?” मला हसू आलं. अण्णांचाच प्रश्न साता समुद्रापलीकडून आला होता. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. बदल स्वीकारला गेला. खाली माझं नाव आणि सहीची ओळ. २००४ पासून लिनक्समध्ये ही सही लागते. हे मी दिलं आहे आणि देण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा अर्थ. मी मात्र तिच्याकडे ‘मी विचारून आले आहे’ अशी बघते.

आपण विघ्नहराच्या गावातली पोरं. विघ्नासुराची गोष्ट आपल्याला पाठ आहे. गणपतीने त्याला हरवलं, तो शरण आला आणि त्याने मागणं मागितलं की देवा, तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. म्हणून विघ्नेश्वर. मला ही गोष्ट लहानपणी कळत नव्हती. ज्याला हरवलं त्याचं नाव कशाला मिरवायचं? आता वाटतं, काय दूर केलं हे विसरलं तर का दूर केलं तेही विसरायला होतं, आणि कुणीतरी पुन्हा तेच आणून ठेवतं. गिटच्या इतिहासात मी पुसलेल्या ओळी आजही आहेत. त्या लिहिणाऱ्यांची नावंही आहेत. त्या माणसांनी त्यांच्या काळात, त्यांच्या गरजेला धरून लिहिलं होतं. आमच्या विहिरीचं दगडी थारोळंही अण्णांनी बुजवलं नाही. ते आमच्या अंगणात आहे, चिमण्या त्यात पाणी पितात. अण्णा आज गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत. हे भाषण त्यांना घरी जाऊन वाचून दाखवणार आहे.

आता शाळेच्या कामाचं. आज बाईंनी सांगितलं की नववी-दहावीच्या मुलींना कॉम्प्युटरचं वेड आहे, पण “पुढे काय करायचं” हे सांगणारं कुणी नाही. लिनक्समध्ये शिरण्याचं दार सगळ्यांसाठी सारखं आहे. पहिला बदल पाठवायला फी नाही, ओळख नाही, अमुक कॉलेजचा शिक्का नाही. ईमेल लागतो आणि धीर लागतो. पुढे आउटरीचीसारखे उपक्रम आहेत, त्यात पगारी उमेदवारी मिळते. तिथेही अर्ज करणाऱ्या अनेकींची सुरुवात अशाच स्टेजिंगमधल्या साफसफाईने झालेली आहे. महिन्यातला एक रविवार मी शाळेत येऊन शिकवायला तयार आहे. दोन जुने संगणक मी आणते, टेबलं आणि वीज शाळेने द्यावी. पहिल्या रविवारी काय शिकवणार, तेही ठरवलं आहे. कोड लिहायला नाही, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला.

माझं बोलणं संपलं. सर, शेवटची एक विनंती. तुमचा नियम मी मोडला आहे, पण ताळा करून मोडला आहे. जुन्या वह्यांमधले ते दोन-दोन मार्क परत देता येतील का, तेवढं बघा.